गळालेल्या तक्रारी

गट पाडायची सरांची पद्धत अगदी सरळ होती. हजेरीतली आडनावं वरून खाली वाचायची, तिघातिघांवर रेघ मारायची आणि कुरकुर ऐकायला थांबायचं नाही. घटस्फोट होऊन दोन वर्षं झाली तरी तिने आडनाव बदललं नव्हतं. मुलीचं एक आणि आपलं एक, असं शाळेत सांगत बसायला नको, एवढंच कारण. त्या आळसाची शिक्षा तिला कॉम्प्युटरच्या वर्गाच्या पहिल्याच दिवशी मिळाली. सरांनी तिचं नाव वाचलं, लगेच त्याच आडनावाचं दुसरं नाव वाचलं, आणि मागच्या बाकावर कोणीतरी घसा खाकरला. ते खाकरणं तिने आठ वर्षं रोज ऐकलेलं होतं. मान वळवायची गरजच नव्हती. वन्सं.

वन्सं म्हणजे नवऱ्याची मोठी बहीण, लग्न न करता आईजवळच राहिलेली. लग्न झाल्या झाल्या सासूबाईंनी बजावलं होतं, हिला नावाने हाक मारायची नाही, वन्सं म्हणायचं. पुढे नवऱ्याने दुसऱ्या बाईबरोबर दुसऱ्या शहरात संसार थाटला, कोर्टाने नातं तोडून हातात दिलं, पण जिभेला कोर्टाचा हुकूम कळत नाही. मनातल्या मनात शिव्या घालतानासुद्धा ती त्यांना वन्संच म्हणायची.

आणि शिव्या भरपूर घालायची. नवऱ्याला तिने केव्हाच मनातून काढून टाकलं होतं, त्याच्यावर रागवायचाही आता कंटाळा यायचा. पण वन्संना भावाचं प्रकरण वर्षभर आधीपासून ठाऊक होतं. ते वर्षभर त्या तिच्या हातचा चहा प्यायल्या, तिच्या शेजारी बसून त्यांनी भाज्या निवडल्या, आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. हे जेव्हा तिला कळलं तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, ती अजून खाली उतरली नव्हती.

एवढ्यावर भागलं असतं तर ती वर्ग सोडून गेली असती आणि वन्संचं तोंड पाहिलं नसतं. पण हा वर्ग तिला सोडता येत नव्हता. ती कुरिअर कंपनीच्या तक्रार विभागात होती. दुपारी कानाला हेडफोन लावायचा तो रात्री काढायचा. सात वर्षांच्या मुलीला अशा वेळी घरी एकटं कसं ठेवणार? म्हणून सोमवार ते शुक्रवार लेक आजीकडे राहायची, म्हणजे आजी आणि आत्या या दोघींकडे, म्हणजे पुन्हा वन्संकडे. आईच्या वाट्याला शनिवार-रविवार यायचे, आणि त्यांच्याही सकाळी आता या वर्गात जात होत्या. कंपनीत अहवाल काढणाऱ्या विभागात सकाळच्या पाळीची एक खुर्ची रिकामी होती. साहेब म्हणाले होते, "पायथन येत असेल त्याला ती खुर्ची. वर्गाच्या शेवटच्या रविवारी पास झाल्याचं कळवा, सोमवारी येऊन बसा. नाही तर मी दुसऱ्या कोणाला बसवतो." सकाळची पाळी म्हणजे संध्याकाळ मोकळी, आणि संध्याकाळ मोकळी म्हणजे मुलगी घरी. इतका तो सरळ हिशोब होता.

वन्सं कशाला आल्या होत्या देव जाणे. त्या एका दातांच्या दवाखान्यात काउंटर सांभाळायच्या, आणि तिथे नवीन आलेली कोवळी पोरगी कॉम्प्युटरवर भराभर कामं उरकते हे त्यांच्या डोळ्यांत खुपत असणार, असं तिने ठरवून टाकलं. दोघींनी एकमेकींना वर्गाबद्दल सांगितलं नव्हतं, कारण सांगण्याइतकं बोलणंच नव्हतं. मुलगी घ्यायला गेल्यावर दारात सासूबाई यायच्या, वन्संचा फक्त खोकला यायचा.

गटात तिसरे होते काका. टपाल खात्यातून निवृत्त झालेले, गोल चेहऱ्याचे, कोणाचं मन न मोडणारे. घरात बसून करमत नाही म्हणून ते दर वर्षी काहीतरी शिकायचे. मागच्या वर्षी घड्याळं दुरुस्त करायला शिकले होते, असं त्यांनीच सांगितलं. गटाची पहिली बैठक वर्गामागच्या जिन्यात झाली आणि पहिल्या पाच मिनिटांत काकांना कळलं की आपण पुन्हा नोकरीवर रुजू झालो आहोत.

"काका, त्यांना विचारा, कुठला भाग करणार," ती म्हणाली. वन्सं एक पायरी खाली बसल्या होत्या.

"काका, तिला सांगा, फाइल वाचायचा भाग माझा. मोजायचा भाग तिने करावा. मोजायची तिला सवय आहे, आमच्या घरात कोणी किती साखर घेतो तेसुद्धा मोजायची."

"त्या म्हणतात—" काका सुरू झाले.

"ऐकलं मी, काका."

शेवटच्या रविवारी प्रत्येक गटाने वर्गासमोर सादरीकरण करायचं होतं, आणि विषय होता पायथन ही संगणकाची भाषा. नुसतं व्याख्यान झोडायचं नाही, भाषा कशी चालते ते करून दाखवायचं, अशी सरांची अट होती. ओळीखाली ओळ सूचना लिहायच्या, संगणक त्या वरून खाली वाचत जातो आणि सांगितलं ते करत जातो, एवढं तर पहिल्या आठवड्यातच सगळ्यांना समजलं होतं. करून काय दाखवायचं यावर दोन शनिवार भांडण झालं आणि शेवटी काकांच्या मतावर तिचं म्हणणं राहिलं: कुरिअरच्या तक्रारी वाचून त्यांची वर्गवारी करणारा प्रोग्राम. तिने बसून मनानेच दोनशे तक्रारी रचल्या. फुटलेली बरणी, भलत्याच घरी गेलेले बूट, तीन आठवडे कुठेतरी भटकून आलेलं औषध. असल्या तक्रारी रचायला तिला डोकं खाजवावं लागत नव्हतं, सगळ्या कानात बसलेल्या होत्या. वन्संचा प्रोग्राम त्या फाइलमधून एकेक वाचून घेणार, तिचा प्रोग्राम त्या मोजून पडद्यावर मांडणार. काकांनी पडद्यावर दाखवायची पानं केली आणि पायथन म्हणजे अजगर म्हणून प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात वेटोळं घातलेला एक अजगर डकवला. अजगर हसत होता. गटात हसणारा तो एकटाच.

सरांचा आणखी एक नियम होता आणि तो सगळ्यात वाईट होता. गुण गटाला मिळणार, माणसाला नाही. तिघं पास, नाही तर तिघं नापास. शिवाय कोण कुठला भाग मांडणार हे त्या दिवशी चिठ्ठी टाकून ठरणार, म्हणजे प्रत्येकाला सगळं आलं पाहिजे. सरांना वाटत असणार, यामुळे माणसं एकमेकांना शिकवतील. सरांचं लग्न झालेलं नसावं, असं काकू पुढे म्हणाल्या.

काकू म्हणजे काकांची बायको. तालीम त्यांच्या जेवणाच्या टेबलावर होती, कारण ते घर दोघींपैकी कोणाचंच नव्हतं. एका टोकाला ती, एका टोकाला वन्सं, मध्ये काका आणि बिस्किटांची बशी. प्रोग्राम पहिल्यांदाच अख्खा चालवला आणि तो कुठे अडला नाही. काका टाळी वाजवणार होते. तिने खालचा आकडा पाहिला.

"काका, त्यांना विचारा, फाइलमध्ये दोनशे तक्रारी आहेत, मग बेरीज एकशे एकोणसत्तर का?"

"तिला मोजता येत नसेल," वन्सं बशीकडे पाहत म्हणाल्या.

ती उठली, लॅपटॉप आपल्याकडे ओढला आणि वन्संची फाइल उघडली. शोधायला फार वेळ लागला नाही. पायथनमध्ये चूक पकडायची एक सोय असते: हे करून बघ, काही बिघडलं तर मला सांग. वन्संनी त्या सोयीचा अर्धाच भाग घेतला होता. बिघडलं तर काय करायचं, तिथे त्यांनी लिहिलं होतं: काहीच नाही. गप्प बस आणि पुढे चल.

"ज्या तक्रारीत पार्सलचा नंबर नाही ती प्रत्येक तक्रार ह्यांच्या प्रोग्रामने गिळलीय," ती म्हणाली. "एकतीस माणसं. त्यांचा पत्ताच नाही."

"नंबर नाही तर तक्रार कसली?" वन्सं आता थेट तिच्याशी बोलल्या. "आमच्याकडे केसपेपरचा नंबर नसेल तर मी माणसाला आत सोडत नाही."

"पावती हरवते माणसांची. म्हातारी माणसं असतात, कागद कुठे ठेवला आठवत नाही, तीच दहा दहा वेळा फोन करतात. त्यांचं कोणी ऐकत नाही म्हणून तर ती तक्रार करतात."

"प्रोग्राम मध्येच बंद पडला का? लाल अक्षरं आली का? नाही ना? चारचौघांत तमाशा झाला नाही ना? मग झालं तर."

"हेच," ती म्हणाली. तिचा आवाज चढला आणि तिने तो चढू दिला. "अगदी हेच केलंत तुम्ही घरात. वर्षभर मूग गिळून बसलात. तमाशा झाला नाही ना, मग झालं तर."

काकू चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या होत्या, त्या तिथेच थांबल्या. काकांनी एक बिस्किट उचललं आणि ते हातात धरून बसून राहिले.

"बोलले असते तर काय केलं असतंस?" वन्संनी विचारलं. त्यांचा आवाज मात्र काउंटरवरचाच होता, सपाट. "घर मोडलं असतंस, एक वर्ष आधी. पोरीला बापाबरोबरचं एक वर्ष जास्त मिळालं ते माझ्यामुळे."

"मला मूर्ख बनवून मिळालं."

"मिळालं ना. आणि आता तरी काय करतेस तू? शाळेतून आली की ताट मी वाढते. ताप आला की मी उशाशी बसते. तू बस फोनवर, शोध लोकांची पार्सलं."

हे लागलं. खोटं असतं तर इतकं लागलं नसतं. ती एक घोट पाणी प्यायली आणि जे बोलायचं नाही असं ठरवलं होतं ते तिने बोलून टाकलं.

"या रविवारनंतर तुम्हाला ताट वाढावं लागणार नाही. मला सकाळची पाळी मिळतेय. मुलगी मी घेऊन जाणार."

वन्संनी चष्मा काढला, पुसला, डबीत ठेवून पर्सची चेन लावली. मग उभ्या राहिल्या.

"काका, सांगा तिला, माझा भाग बरोबर आहे आणि मी तो बदलणार नाही. माझ्या फाइलला हात लावायचा नाही."

"त्यांनाही सांगा, माझ्या फाइलला लावायचा नाही."

काकांनी निवाडा दिला तो असा: दोघींनी शनिवारी संध्याकाळपर्यंत फाइली त्यांच्याकडे पाठवायच्या, रविवारी सकाळी ते वर्गातल्या कॉम्प्युटरवर एकत्र करतील. मध्ये कोणी कोणाशी बोलायची गरज नाही. त्यांना वाटलं, यामुळे शांतता राहील. तशी राहिलीही.

पण तिला झोप लागेना. नापास होणं तिला परवडणारं नव्हतं. वन्संच्या हट्टापायी बेरीज चुकणार, सर विचारणार, आणि खुर्चीवर दुसरी कोणीतरी बसणार. शनिवारी लेकीला खेळायला बसवून तिने वन्संच्या फाइलची तालमीच्या वेळी घेतलेली आपल्याकडची प्रत उघडली. दोन ओळी बदलल्या: नंबर नसेल तर तक्रार टाकून देऊ नकोस, नंबराच्या जागी शून्य धर आणि पुढे पाठव. बाकी सगळं वन्संनी लिहिलं होतं तसंच ठेवलं, त्यांना बघून कळू नये म्हणून. चालवून पाहिलं. दोनशे. तिला इतकं बरं वाटलं की तिने लेकीचा मुका घेतला, आणि लेकीने खेळातून मान वर न करता गाल पुसला.

मग काकांना फोन केला. "वन्संनी पाठवलेली त्यांची फाइल घेऊ नका. मी पाठवतेय ती घ्या. आणि त्यांना बोलू नका."

पलीकडे काका घुटमळले. "तुम्ही पण..." म्हणाले आणि थांबले. मग म्हणाले, "बरं. आयुष्यभर लोकांची टपालं वाहिली, पण फोडून कधी वाचलं नाही एकही. आता तरी कशाला वाचू?"

तिने त्यावर विचार केला नाही. म्हातारा माणूस, बडबडतो, असं म्हणून फोन ठेवला.

रविवारी सकाळी लेकीला आजीच्या दारात सोडून ती वर्गात पोचली. सरांनी चहाच्या कपात चिठ्ठ्या टाकल्या. पायथन म्हणजे काय आणि ती कशाला वापरतात, हा भाग वन्संना आला. फाइल वाचणं आणि चुका पकडणं काकांना. शेवटचा, प्रोग्राम चालवून दाखवण्याचा, तिला. म्हणजे आपलाच भाग. आज नशीब आपल्या बाजूने आहे असं तिला वाटलं.

वन्सं बोलल्या चांगल्या, हे तिला कबूल करावं लागलं. कागदात न बघता, सरळ उभं राहून, पेशंटला गोळी कधी घ्यायची ते सांगावं तसं. एकच काम रोज रोज करायचं असेल तर ते संगणकाला ओळीओळीने लिहून द्यावं आणि आपण मोकळं व्हावं, म्हणजे स्क्रिप्ट, असं त्या म्हणाल्या, आणि मागच्या बाकावरच्यांनीसुद्धा ते लिहून घेतलं. काका मध्ये दोनदा अडखळले, पण अजगर हसत राहिला आणि त्यांचं निभावलं. मग ती उठली. बटण दाबलं. पडद्यावर ओळी सरकल्या, तक्रारींचे पट्टे उभे राहिले, आणि खाली आकडा आला: दोनशे एकतीस.

शेजारीच काकांचं पान होतं. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, एकूण तक्रारी दोनशे. कोणीतरी फिसकन हसलं.

"फाइलमध्ये दोनशे आहेत," सर म्हणाले. "या एकतीस कुठून आल्या?"

तिने पुन्हा चालवला. पुन्हा तेच. सर काही रागावले नाहीत. ते हातातल्या पेनाचं टोपण लावत म्हणाले, "मी अजून काही लिहिलेलं नाही. तिघंजण बाहेर व्हरांड्यात जा, आपसात बोला, काय झालंय ते शोधा. पुढचा गट होईपर्यंत वेळ आहे तुम्हाला. दुरुस्त करून आणलंत तर माझं काही म्हणणं नाही."

वन्सं आधीच उठल्या होत्या. बाकाशी उभ्या राहून त्या म्हणाल्या, "चल."

ती तेवढं एकच वाक्य ऐकून बाहेर गेली असती तर सगळं निभावलं असतं. पण तिने तेवढ्यात आपली फाइल उघडली होती, आणि तिथे तिने न लिहिलेल्या ओळी होत्या. सहा-सात ओळी, मधोमध घुसवलेल्या. आपल्या घरात कोणी शिरून भांडी इकडची तिकडे करून गेलं तर कसं वाटेल, तसं तिला वाटलं.

"सर, बोलण्यासारखं काही नाही," ती म्हणाली. "ह्या ओळी माझ्या नाहीत. ह्यांनी घातल्यात. मुद्दाम."

"ऐकून घे," वन्सं म्हणाल्या.

"नाही ऐकायचं मला. पुष्कळ ऐकलं, आणि जे ऐकवायचं ते तुम्ही कधी ऐकवलंच नाहीत." ती वर्गाकडे वळली. तीस माणसं तिच्याकडे बघत होती आणि तिला थांबता येत नव्हतं. "ही माझी नणंद आहे. होती. मी आज पास झाले तर माझी मुलगी मला परत मिळणार आहे आणि ह्यांना ती सोडायची नाही. ह्यांना स्वतःचं मूल नाही, म्हणून माझं अडकवून ठेवायचंय. स्वतः नापास झालं तरी चालेल ह्यांना, पण मी तोंडघशी पडले पाहिजे."

वन्संचा चेहरा जसा होता तसाच राहिला, फक्त त्यांनी बाकाची कड धरली. काका म्हणाले, "अहो, तसं नाही..."

सर पुढे आले. त्यांनी तिच्या हातून माउस घेतला आणि त्या ओळी वाचल्या, एकेक, वर्गाला ऐकू जाईल असं. मूळ फाइल पुन्हा उघड. ज्या तक्रारींना नंबर नाही त्या शोध. त्या मोजणीत मिळव.

"हा बिघाड नाही," ते म्हणाले. "गळालेल्या तक्रारी परत आणल्यात इथे. ही दुरुस्ती आहे, आणि बरी केलीय."

मग त्यांनी वन्संची फाइल उघडली. तिथेही ते थांबले. "आणि इथे नंबर नसेल तर शून्य धरायला सांगितलंय. म्हणजे तक्रार इथे गळतच नाही. हे कोणी लिहिलं?"

वन्संनी पडद्याकडे पाहिलं. "ते माझं नाही," त्या म्हणाल्या.

"माझं आहे," तिला म्हणावं लागलं.

"म्हणजे दोघींनी एकच चूक दुरुस्त केली, एकमेकींच्या फाइलीत जाऊन," सर म्हणाले. "कोणीही एकीने केली असती तर पुरली असती. काका, तुम्ही जोडलंत ना हे? चालवून नाही बघितलंत?"

"दोघींनी सांगितलं होतं, बोलू नका म्हणून," काका म्हणाले. "मी कोणाला बोललो नाही."

तिला तेव्हा सगळं दिसलं. वन्संना घरी जाऊन आपली चूक कळली होती. पण आपला भाग बरोबर आहे असं सगळ्यांसमोर सांगून बसल्यावर त्या स्वतःच्या फाइलीला कशा हात लावणार? म्हणून त्यांनी औषध तिच्या फाइलीत घातलं, की बेरीज जुळावी आणि त्यांची मानही खाली जाऊ नये. त्या घरातली माणसं चूक अशीच दुरुस्त करायची. आणि त्या घरात आठ वर्षं राहून तीही तेच शिकली होती.

"सर, आता करतो आम्ही," ती म्हणाली. "दोन मिनिटांचं काम आहे. एक काढली की झालं."

"आता मी सांगितल्यावर," सर म्हणाले. "मी तुम्हाला शोधायला वेळ दिला होता. तुम्ही तो भांडायला वापरलात. आपला आकडा का चुकतो हे गटाला सांगता आलं नाही, तर मी पास करू शकत नाही. पुढच्या तुकडीत या."

वन्सं पर्स उचलून निघाल्या. दारातून जाताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. काका मात्र तिच्याशेजारी येऊन उभे राहिले, सॉरी म्हणाले, पुन्हा म्हणाले. तिने त्यांना जाऊ दिलं. साहेबांचा निरोप आला होता: काय झालं? तिने एकच शब्द लिहिला, नाही, आणि फोन पर्सच्या तळाशी टाकला. व्हरांड्यात उभं राहून तिला स्वतःची लाज वाटली. नोकरी गेली त्याचं दुःख होतंच, पण ते मागे राहिलं होतं. ह्यांना स्वतःचं मूल नाही, हे वाक्य तिच्या तोंडून तीस माणसांसमोर बाहेर पडलं होतं आणि आता ते कुठल्याही फाइलीत जाऊन पुसता येणार नव्हतं.

लेकीला घ्यायला जायलाच हवं होतं. वन्संची बस आधीची होती, तिची नंतरची. दार सासूबाईंनी उघडलं. पॅसेजमध्ये भिंतीला टेकून मोठी बॅग उभी होती, तिच्यावर लेकीची उशी दोरीने बांधलेली. शेजारी लेक, पायात बूट घालून, वेणी घालून, तयार.

"सकाळी वर्गाला जायच्या आधीच भरून ठेवली तुझ्या वन्संनी," सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या. "मला म्हणाली, दुपारी नेईल ती पोरीला, ऐन वेळी धावपळ नको. पोरीचं काही राहिलं म्हणून पुन्हा यायला नको म्हणाली. आता आल्यापासून बोलत नाही. काय झालं गं?"

तिने बॅगेवरच्या उशीला हात लावला.

"आई, मी आज कायमची येणार ना?" लेकीने विचारलं. "आत्या म्हणाली."

"आजच्यापुरतं," ती म्हणाली. "उद्या शाळा झाली की परत इथेच."

"मग बॅग?"

वन्सं आतून आल्या. त्यांनी साडी बदलली होती, केस पुन्हा विंचरले होते. त्या खाली बसल्या, उशीची दोरी सोडली, बॅगेची चेन ओढली. आत सगळं जिथल्या तिथे होतं. शाळेचे कपडे इस्त्री करून, मोजे जोडीजोडीने गुंडाळून, खोकल्याचं औषध सांडू नये म्हणून दोन पिशव्यांत बांधून, उन्हाळ्यात लहान झालेला स्वेटरसुद्धा. इतकं सगळं एका सकाळी भरून होत नाही. वन्संनी ते काही दिवस आधीपासून काढून ठेवलं असणार.

"तुम्ही मला का सांगितलं नाहीत?" तिने विचारलं.

"तुझ्यासाठी नव्हतं केलं ते," वन्सं मोजे बाहेर काढत म्हणाल्या. "रोज झोपताना ही विचारते, आई मला कधी नेणार. मला उत्तर द्यायचा कंटाळा आला."

लेक एकदा आईकडे, एकदा आत्याकडे पाहत होती. तिने एका पायातला बूट काढला आणि दुसरा काढावा की नाही हे न कळून तशीच उभी राहिली. वन्सं एकेक कपडा काढून आपल्या मांडीवर रचत होत्या, घडी मोडू न देता. ती त्यांच्याशेजारी गुडघे टेकून बसली आणि औषधाची पिशवी उचलायला हात पुढे केला.

"राहू दे," वन्सं म्हणाल्या. "काय कुठे ठेवायचं ते तुला माहीत नाही."